कोपीच्या नळाला वास का आला? ट्रेलरमधलं पाणी, टीसीएल आणि माझी चूक

कर्जतहून बोलतोय. माथेरानजवळचं कर्जत नव्हे बरं का, आपलं नगरचं, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातलं. दर भागात हे सांगावं लागतं, कारण दर भागानंतर कुणीतरी विचारतंच, ‘‘दादा, तुमच्याकडं धबधबे कसे आहेत?’’ धबधबे नाहीत हो. आमच्याकडं कुकडीचं आवर्तन कधी सुटणार ही चर्चा असते. हे लक्षात ठेवा, कारण आजच्या विषयाशी त्याचा संबंध आहे.

(ज्यांना ऐकायला वेळ होत नाही त्यांच्यासाठी हा भाग लिहून काढलाय. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली आहे. मापं मात्र नीट तपासून लिहिली आहेत.)

आजचा विषय: ट्रेलरमधल्या पाण्याला वास येतो, त्याचं काय करायचं? नवे श्रोते असतील त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आमच्याकडं गाडीमागं ओढायचा एक छोटा राहण्याचा ट्रेलर आहे. दोन माणसांची झोपायची जागा, एक ओटा, एक सिंक, कोपऱ्यात मोरी. ऊसतोड कामगार राहतात त्या कोपीवरून घरच्यांनी त्याचं नाव ‘कोपी’ ठेवलंय. पलंगाखाली १५० लिटरची प्लास्टिकची टाकी, बॅटरीवर चालणारा छोटा पंप आणि जिथं वीज मिळेल तिथं चालणारा १० लिटरचा गिझर. महाराष्ट्र सरकारनं २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून अशा गाड्या करून घेणारे बरेच जण भेटतात. पलंग, दिवे, पडदे यांवर सगळे तासभर बोलतात. पाण्याच्या टाकीवर कुणी बोलत नाही. मीही बोलत नव्हतो.

सिद्धटेकला काय झालं

जानेवारीत एक फेरी करून आलो आणि कोपी पत्र्याच्या शेडमध्ये उभी केली. टाकीत अंदाजे ६० लिटर पाणी शिल्लक होतं. म्हटलं, असू दे, पाणीच आहे, कशाला ओतायचं? मग एप्रिल उजाडला. आई म्हणाली, सिद्धटेकला जाऊन येऊ. सिद्धटेक आमच्याच तालुक्यात, भीमेच्या काठी. अष्टविनायकातला उजव्या सोंडेचा गणपती. राशीनवरून निघालो, देवीला हात जोडले, पुढं गेलो.

देवळाजवळ गाडी लावली. आईनं हातपाय धुवायला सिंकचा नळ सोडला आणि तशीच मागं सरली.

‘‘आरं, कसलं पाणी भरलंय ह्यात? ह्या पाण्यानं चूळ बी भरवंना. देवाला जायचंय ना आपल्याला?’’

आईनं आयुष्यात अंडं हातात घेतलेलं नाही, त्यामुळं तिला तो वास गटारीचा वाटला. मला मात्र लगेच कळलं. सडक्या अंड्याचा वास. त्या दिवशी आई शेजारच्या दुकानातून बाटली घेऊन हातपाय धुऊन देवळात गेली आणि परत येईपर्यंत माझ्याशी बोलली नाही.

आता मी काय केलं ते ऐका, म्हणजे तुम्ही करणार नाही. घरी आल्यावर मी टाकीत वाळ्याची जुडी सोडली. हो, माठात टाकतो तोच वाळा. दोन दिवस पाण्याला वाळ्याचा वास आला, त्याच्याखाली गटारीचा. तिसऱ्या दिवशी दोन्ही मिळून जे काही झालं त्याला मराठीत शब्द नाही. मग तुरटी फिरवली. तुरटीनं गढूळपणा खाली बसतो, वास जात नाही आणि जंतूही खात्रीनं मरत नाहीत. वाळा तर पाण्यात कुजायला लागला. म्हणजे ज्यांच्यामुळं वास येत होता त्यांना मी वरून खाऊच दिला होता.

शेवटी तात्यांना बोलावलं. तात्या म्हणजे आमच्या वस्तीशेजारच्या गावचे जलसुरक्षक. शहरातल्या श्रोत्यांसाठी सांगतो: ग्रामपंचायतीच्या पाण्यात रोज टीसीएल पावडर, म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकायची आणि नळाला क्लोरिन पोचतंय का हे तपासायचं, हे जलसुरक्षकाचं काम. तात्यांनी ट्रेलर आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. पण पाणी ते पंधरा-वीस वर्षं बघतायत.

ते म्हणाले, ‘‘वतायची घाई करू नको. आधी वास कुठनं येतोय ते बघ. पाण्याला हाय का मोरीला हाय?’’

पहिली पायरी: हातात ग्लास, पाय बाहेर

ही तपासणी एवढी सोपी आहे की मला लाज वाटली. स्वच्छ काचेचा ग्लास घ्या. गार पाण्याचा नळ सोडून अर्धा ग्लास भरा. ट्रेलरमधून बाहेर या, पाच-सहा पावलं लांब जा आणि मग हुंगा. नंतर तेच गरम पाण्याच्या नळाचं करा. शेवटी ज्या ठिकाणाहून पाणी भरता तिथलं पाणी त्याच पद्धतीनं हुंगा. जमलं तर दुसऱ्या माणसालाही हुंगायला लावा, कारण आपलं नाक वासाला लवकर सरावतं.

आता निकाल कसा लावायचा?

बाहेर आल्यावर ग्लासला वास नाही, पण सिंकजवळ उभं राहिलं की येतो: मग पाणी चांगलं आहे, वास मोरीतून येतोय. सिंकखाली पाइपला जो वाकडा भाग असतो त्यात थोडं पाणी साठून राहतं. ते पाणी म्हणजे वासाला लावलेलं बूच. उन्हाळ्यात ट्रेलर महिनाभर उभा राहिला की ते वाळतं आणि खालच्या सांडपाण्याच्या टाकीचा वास सरळ घरात येतो. उपाय: एक तांब्या पाणी ओता. गाडी बरेच दिवस उभी ठेवायची असेल तर त्यावर चमचाभर गोडेतेल सोडा, म्हणजे पाणी हळू वाळतं. पाइपच्या आत चिकट थर असेल तर तो ब्रशनं घासा.

फक्त गरम पाण्याला वास: गिझर.

गार आणि गरम दोन्हीला वास, पण जिथून पाणी भरलं तिथं नाही: टाकी आणि पाइप.

सगळीकडंच वास, अगदी बोअरच्या किंवा टँकरच्या पाण्यालाही: मग रोग मुळातच आहे. ट्रेलर कितीही धुतला तरी वास परत येणार.

वासाचा प्रकारही बघा. सडक्या अंड्याचा असेल तर हायड्रोजन सल्फाइड वायू. ओल्या मातीसारखा, कुबट असेल तर बहुतेक वेळा शेवाळ किंवा मातीतले सूक्ष्मजीव. त्यांच्यापासून जिऑस्मिन नावाचं द्रव्य तयार होतं आणि पहिल्या पावसाच्या मृद्गंधातही तेच असतं. मातीचा वास अंगणात छान, ग्लासात नको. प्लास्टिकचा किंवा रबराचा वास असेल तर नवी टाकी किंवा उन्हात तापलेला बागेचा पाइप. आणि टीसीएलचा वास? त्याच्याबद्दल शेवटी बोलू, कारण माझी खरी चूक तिथंच होती.

आमच्या कोपीत सिंकखालचं बूच वाळलेलं होतंच, ते एका तांब्यात मिटलं. पण ग्लास बाहेर नेल्यावर गार पाण्यालाही वास होता आणि गरम पाण्याला त्याच्या दुप्पट. म्हणजे टाकी आणि गिझर, दोघंही.

हा वास जन्मतो कसा

बोअरच्या पाण्यात कमी-जास्त प्रमाणात सल्फेट असतं. त्याला स्वतःचा वास नसतो. भारतीय मानक, म्हणजे आयएस १०५००, पिण्याच्या पाण्यात लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत सल्फेट चालतं असं सांगतं आणि दुसरं पाणीच नसेल तर ४०० पर्यंत. पण काही जीवाणू असे असतात की जिथं हवा पोचत नाही तिथं ते ऑक्सिजनऐवजी हे सल्फेट वापरतात आणि त्याचं सल्फाइड करून टाकतात. तोच तो सडका वास. सल्फाइडची मानकातली मर्यादा लिटरला फक्त ०.०५ मिलिग्रॅम आहे आणि तिथं सवलतही नाही.

आता माझा ट्रेलर डोळ्यासमोर आणा. पत्र्याचं शेड, एप्रिलचं ऊन, न हललेलं पाणी, बंद टाकी, तळाला बारीक गाळ, पाइपच्या आत बुळबुळीत थर. त्या जीवाणूंना याहून चांगली कोपी कुठं मिळणार?

गिझरचं गणित थोडं वेगळं आहे. टाकीच्या गिझरमध्ये बहुतेक वेळा मॅग्नेशियमचा एक दांडा असतो. तो स्वतः झिजतो आणि टाकीचा पत्रा गंजू देत नाही. पण तो झिजताना जी रासायनिक क्रिया होते ती या जीवाणूंच्या पथ्यावर पडते. त्यात आपण गिझर कोमट करून बंद करतो. कोमट पाणी म्हणजे त्यांना अंघोळीचं पाणी. म्हणून गरम नळाला वास जास्त.

बरेच जण सांगतात, दांडाच काढून टाका. वास जाईल, पण टाकी लवकर गंजेल. त्यापेक्षा मिस्त्रीला विचारून ॲल्युमिनियम-जस्ताचा दांडा बसतो का बघा. आणि गिझर अधूनमधून ६० अंशांच्या वर तापवून काही तास तसाच ठेवा. फक्त त्या वेळी नळाला पोरांचा हात लागू देऊ नका, पाणी भाजतं.

टाकी धुवायची, पण क्रमानं

इथं आईनं हरकत घेतली. ‘‘किती पाणी घालवणार हायस?’’

प्रश्न बरोबर होता. २०१९ च्या उन्हाळ्यात आमच्या भागात चारा छावण्या होत्या, टँकरच्या पाण्यासाठी ड्रम रांगेत ठेवलेले होते. त्या गावात मी ट्रेलर धुवायला ३०० लिटर पाणी ओतणार, हे सांगायलाच जड जातं. म्हणून आम्ही आधी हिशेब केला. टाकीतलं वासाचं ६० लिटर पाणी कडुनिंबाला. हा वास झाडाला बाधत नाही आणि उघड्यावर तो उडून जातो. नंतर लागणारं पाणी ड्रममध्ये धरायचं आणि वापरायचं. एक थेंबही रस्त्यावर नाही.

आता कृती. सावकाश वाचा.

एक. गिझरची वीज बंद करा. नुसतं बटण नको, पिनच काढा. पाणी गार होऊ द्या, मग गिझर, टाकी आणि सगळे पाइप रिकामे करा. रिकाम्या गिझरला चुकूनही वीज देऊ नका, कॉइल जळते.

दोन. पाण्याच्या वाटेवर कार्बनचा फिल्टर असेल तर त्याची कांडी काढून ठेवा. कार्बन क्लोरिन गिळतो, मग पुढं काहीच पोचत नाही. पंपाच्या तोंडाशी बारीक जाळी असते, ती काढून धुवा. आमच्या जाळीत वाळ्याच्या काड्या निघाल्या. तात्यांनी त्या हातावर घेऊन माझ्याकडं नुसतं बघितलं.

तीन. क्लोरिनचं पाणी तयार करा. लक्ष्य आहे लिटरला ५० मिलिग्रॅम क्लोरिन. १५० लिटर टाकीला म्हणजे साडेसात ग्रॅम शुद्ध क्लोरिन. बाजारातलं साधं सोडियम हायपोक्लोराइट ५ टक्क्यांचं असेल तर १५० मिलिलिटर, १० टक्क्यांचं असेल तर ७५ मिलिलिटर. टीसीएल पावडर वापरणार असाल तर ती किती ताजी आहे यावर तिचा जोर ठरतो. साधारण २५ टक्के धरली तर ३० ग्रॅम. ती सरळ टाकीत टाकायची नाही. प्लास्टिकच्या बादलीत थोड्या पाण्यात कालवा, बादलीभर पाणी करा, दहा-पंधरा मिनिटं थांबा. चुना तळाला बसेल. वरचं निवळ पाणी तेवढं घ्या. चुना आत गेला तर पंप आणि नळ तुंबतात. वासाचं, रंगाचं किंवा साबण मिसळलेलं ब्लीच नको. हातमोजे घाला, दारं-खिडक्या उघड्या ठेवा.

चार. हे पाणी टाकीत ओता आणि वरून साधं पाणी घालून टाकी काठोकाठ भरा. टाकीचा वरचा भागही भिजला पाहिजे, थर तिथंही असतो. मग गाडी जोडून एक चक्कर मारा. आतलं पाणी हिंदकळलं की घासल्यासारखं होतं. आम्ही वस्तीच्या कच्च्या रस्त्यावरून गेलो. आमच्या रस्त्याचा एवढा उपयोग पहिल्यांदाच झाला.

पाच. एकेक नळ सोडा. गार, गरम, शॉवर, बाहेरचा. क्लोरिनचा वास आला की बंद करा. गरम नळ जास्त वेळ सोडावा लागतो, कारण आधी गिझर भरतो. सगळ्या नळांना कागद चिकटवा: ‘पिऊ नका’. हे नक्की करा. आमच्याकडं शेजारची पोरं कोपीत खेळायला येतात.

सहा. चार तास थांबा. वास फारच असेल तर रात्रभर. त्याहून जास्त नको, रबराची वॉशर खराब होतात.

सात. सगळं पाणी ड्रममध्ये काढा. मग ७५ लिटर भरून सगळे नळ सोडून खळबळून काढा, पुन्हा ७५ लिटर. झालं. एकूण नवं पाणी ३०० लिटर. पहिल्या ड्रममधल्या पाण्यानं शेड आणि संडास धुतला. उरलेलं उघड्या ड्रममध्ये तीन दिवस उन्हात ठेवलं. क्लोरिन उन्हानं उडून जातो. तात्यांनी तपासून दिल्यावर तेही कडुनिंबाला. आईचं समाधान झालं. निदान तिनं तसं दाखवलं.

दोन गोष्टी, ज्यांत जीव जाऊ शकतो

इथं मी आवाज जरा चढवतो.

पहिली. चौथ्या पायरीनंतर मला वाटलं, गिझरमध्ये क्षाराचा पांढरा थर आहे, तर त्यातच थोडं संडास धुवायचं ॲसिड सोडू, एका दगडात दोन पक्षी. बाटलीचं झाकण उघडलं होतं. तात्या ओरडले, ‘‘ठेव ती बाटली खाली!’’ ब्लीच आणि ॲसिड एकत्र आले की क्लोरिन वायू सुटतो. मोकळ्या अंगणातही तो घसा आणि फुप्फुस जाळतो, ट्रेलरच्या त्या खुराड्यात काय झालं असतं? व्हिनेगर किंवा लिंबूफुलानं क्षार काढायचा असेल तर तो दुसऱ्या दिवशी, आधीचं क्लोरिन पूर्ण धुऊन झाल्यावर. आणि संडासाचं ॲसिड पाण्याच्या टाकीत कधीच नाही.

दुसरी. नळाला येणारा सडका वास त्रासदायक असतो, पण त्या प्रमाणात वायू फार थोडा असतो. सांडपाण्याची, मैल्याची बंद टाकी ही गोष्ट वेगळी. तिथं हाच वायू साठतो. जास्त प्रमाणात तो नाकाची वास घेण्याची ताकदच मारून टाकतो. माणसाला वाटतं, वास गेला, आता बरं आहे. प्रत्यक्षात तो बेशुद्ध पडायच्या बेतात असतो. गटारात, टाकीत उतरून माणसं गेल्याच्या बातम्या आपण वाचतो. पहिला पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही पडतो. माणसाला असं उतरवण्यावर २०१३ च्या कायद्यानं बंदी आहे. ट्रेलरची टाकी छोटी असली तरी झाकणात डोकं घालून बघू नका. टॉर्च लावा, लांबून बघा, नळीनं धुवा.

मग वास आलाच का? राखणदाराची गोष्ट

सगळं झाल्यावर चहा घेताना तात्यांनी विचारलं, ‘‘जानेवारीत पाणी भरलं तवा टीसीएलचा वास होता का?’’

मी अभिमानानं सांगितलं, नव्हता. आईला तो वास आवडत नाही, म्हणून मी भरायच्या पाइपलाच कार्बन फिल्टर बसवला होता. टाकीत जातानाच पाणी एकदम गोड!

तात्या हसले. ‘‘म्हंजी राखणदार दारातच अडवला की तू. मग चोर आत शिरणारच.’’

मंडळी, आजच्या भागातून एकच गोष्ट घेऊन जायची असेल तर ही घ्या. नळाच्या पाण्याला जो हलका टीसीएलचा वास येतो तो पाण्याचा दोष नाही. तो पाण्यासोबत आलेला पहारेकरी आहे. मानक सांगतं की निर्जंतुक केलेल्या पाण्यात ग्राहकाच्या नळापर्यंत लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरिन शिल्लक असावं. ते शिल्लक असतं म्हणून वाटेत काही शिरलं तरी वाढत नाही. मी एक वास घालवला, आणि त्याच्या जागी तीन महिन्यांत दुसरा आला.

मग फिल्टर फेकून द्यायचा का? नाही. त्याची जागा बदलायची. टाकीत पाणी क्लोरिनसह जाऊ द्या. फिल्टर सिंकच्या नळापाशी बसवा, जिथून पाणी लगेच पिऊन संपतं. आणि त्याची कांडी वेळेवर बदला, कारण जुन्या कार्बनमध्येही जंतूंची वस्ती होते.

वास गेला म्हणजे पाणी शुद्ध झालं का?

नाही! हे उलट्या बाजूनंही खरं आहे. सल्फेटवाले जीवाणू बहुधा माणसाला आजारी पाडत नाहीत, नुसता वास करतात. उलट कॉलरा, कावीळ, जुलाब देणाऱ्या पाण्याला बऱ्याचदा वासही नसतो आणि रंगही. नाक हे तपासणीचं यंत्र नाही, ती फक्त सूचना आहे.

तपासायचं कसं? तात्यांकडं दोन गोष्टी असतात. एक ओ.टी. टेस्ट. नळीत पाणी घ्यायचं, ओटीचे थेंब टाकायचे. पिवळं झालं तर क्लोरिन आहे, जितकं गडद तितकं जास्त. नाही झालं तर राखणदार नाही. तो नमुना प्यायचा नाही, ओतून द्यायचा.

दुसरी एच टू एस बाटली, आणि हिची गंमत ऐका. ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी १९८२ साली ही सोपी पद्धत मांडली. बाटलीत पाणी भरून एक-दोन दिवस उबदार जागी ठेवायचं. माणसाच्या किंवा जनावराच्या विष्ठेबरोबर जे जंतू येतात त्यातले बरेच हाच सल्फाइड वायू तयार करतात आणि बाटलीतल्या लोहाशी तो मिळाला की पाणी काळं पडतं. म्हणजे ज्या वायूनं माझी फजिती केली, त्याच वायूला आपल्या शास्त्रज्ञांनी साक्षीदार केलं. उबदार जागेसाठी उन्हाळ्यात आम्हाला वेगळं काही करावं लागत नाही, फळीवर ठेवली तरी पुरतं.

कोपीची बाटली दोन दिवसांनी तशीच नितळ होती. नळाला ओटीचा फिका पिवळा रंग आला. तेव्हा आम्ही ते पाणी प्यायलो, त्याआधी नाही.

आता आम्ही काय पाळतो

गाडी उभी करायच्या आधी टाकी आणि गिझर रिकामे. नळ उघडे, म्हणजे आत ओल राहत नाही. भरायच्या तोंडाला झाकण.

प्रवासात टाकीतलं पाणी चार-पाच दिवसांत संपवायचं. उरलं तर झाडाला. ‘असू दे, पाणीच आहे’ असं पुन्हा म्हणायचं नाही.

पाणी भरायचा पाइप वेगळा, पिण्याच्या पाण्यासाठीचा. बागेचा नाही, आणि शेडमधल्या मातीत लोळवायचा नाही. दोन्ही तोंडं एकमेकांत अडकवून ठेवायची.

अनोळखी बोअर असेल तर आधी ग्लास, मग टाकी. वास आला तर पुढचं गाव बघायचं.

आणि टाकीच्या झाकणावर चिकटपट्टी, त्यावर पाणी भरल्याची तारीख. ही कल्पना आईची. लोणच्याच्या बरणीवर ती अशीच तारीख लिहिते.

एका ताईंनी विचारलंय की त्यांच्या रसवंतीच्या गाडीवरच्या टाकीला हेच चालेल का. ताई, अगदी हेच. माप फक्त तुमच्या टाकीच्या लिटरप्रमाणं बदला: ५ टक्क्यांचं हायपोक्लोराइट असेल तर लिटरला एक मिलिलिटर, इतकं सोपं. तुमच्याकडं तर रोज लोक पाणी पितात, तुम्ही माझ्याआधी करा.

मे महिन्यात आम्ही परत सिद्धटेकला गेलो. गाडी लावली. आईनं नळ सोडला, ओंजळीत पाणी घेतलं, हुंगलं.

‘‘टीसीएलचा वास येतोय,’’ ती म्हणाली.

मी म्हटलं, ‘‘येऊ दे.’’

‘‘येऊ दे की,’’ ती म्हणाली आणि हातपाय धुऊन देवळाकडं चालायला लागली.

चला मंडळी, आज इथंच थांबतो. पुढच्या भागात बॅटरी आणि सोलरबद्दल बोलू. तोवर टाकीवर तारीख लिहा. राम राम.